टेपबाईची उंची

तिला टेपबाई हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. सुरुवातीला ते तिच्या पाठीमागे घेतलं जायचं. मग एकदा एका लहानग्या गिऱ्हाइकानं ते तोंडावरच घेतलं, ती हसली, आणि त्या दिवसापासून तेच तिचं खरं नाव झालं. नाव चुकीचंही नव्हतं. सकाळी उठल्यावर चष्म्याच्या आधी ती टेप गळ्यात अडकवायची. लग्नातली अंगठी बोटात रुतायला लागली तेव्हा तिनं ती काढून डब्यात ठेवून दिली आणि त्याचं काही वाटून घेतलं नाही. टेप मात्र दुकान उघडलं तेव्हाचीच. पिवळी पडलेली, टोकाचा पत्रा झिजून गुळगुळीत झालेला. नवरा म्हणायचा, "मी हरवलो तर तू दोन दिवस शोधशील. टेप हरवली तर पोलिसांत जाशील."

"दोन दिवस जास्त होतात," ती म्हणायची.

दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी कापायचं मोठं टेबल, मागच्या खोलीत शिलाई मशीन आणि इस्त्री, आणि जिना चढून गेलं की घर. माप घ्यायचं आणि कापड कापायचं तिनं, शिवायचं नवऱ्यानं. नवं गिऱ्हाईक आलं की मशीनवर बसलेल्या पुरुषाला मास्तर समजून त्याच्या हातात कापड द्यायचं. तो हनुवटीनं पुढच्या खोलीकडे दाखवायचा. "कातर तिच्याकडे आहे. मी नुसता टाके घालतो," असं तो अगदी समाधानानं सांगायचा, कारण चुकलं तर शिव्या कुणाला बसतात हे त्याला पक्कं माहीत होतं.

पण चुकत नव्हतंच. ती हाडाची शिंपीण होती. समोरचा माणूस दारातून टेबलापर्यंत येईस्तोवर तिला त्याचा एक खांदा उतरलेला आहे की नाही, पोट आत ओढून चालतोय की मोकळं सोडून, सगळं कळलेलं असायचं. टेप लावायची ती केवळ आपलंच म्हणणं खरं करून घेण्यासाठी. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि इतक्या वर्षांत आपली कातर एकदाही चुकली नाही हेही लगेच जोडून सांगायची. देव नम्रता वाटत होता तेव्हा ती बहुधा कुणाचं तरी माप घेत असावी.

माणूस म्हटलं की खोड आलीच. तिची खोड अशी, की काही बिघडलं तर दोष वस्तूचा. पन्नाशी ओलांडली तेव्हा ऐन थंडीत तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. कपाळावर घाम, मान लाल, आणि पाच मिनिटांत पुन्हा सगळं थंडगार. तिनं निकाल दिला की नवी इस्त्री बाजूनं आग फेकते. खिडकी उघडी राहायला लागली. नवरा मफलर बांधून, बोटं कापलेले हातमोजे घालून मशीन चालवायचा. एकदा त्यानं इस्त्रीची सुटी वायर तिच्या डोळ्यांपुढं धरली. "ही बंद आहे सकाळपासून." त्यावर ती म्हणाली, "मग आतल्या आत तापत असेल."

वाफा दोन-तीन वर्षांत निवल्या. मग कंबर आली. खाणं पूर्वीइतकंच, उलट संध्याकाळचा पाव तिनं सोडून दिला होता, तरी झगे कमरेत आवळायला लागले. तिच्या मते हल्ली कापडच असं येतं, धुतलं की आटतं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात. तिच्या झग्यांतली ती सगळी सोडून झाली, शेवटी कंबरेला टेप लावून बाजूला पट्ट्या जोडायची पाळी आली. दुपारी जेवण झालं की तिचे पाय कुणी दगड बांधल्यासारखे जड व्हायचे. त्याचा दोष पावाच्या दुकानदाराला गेला. गेल्या थंडीत कापडाचा तागा उचलताना पाठीत चमक भरली आणि महिनाभर ती वाकडी चालली, तेव्हा खुर्ची दोषी ठरून अंगणात गेली आणि तिथं मांजरीला मिळाली. आणि सगळ्यांत वरच्या फळीवरची रिळं काढायला स्टूल लागायला लागलं, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "फळी वर ठोकलीत का तुम्ही?"

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा दोऱ्याला गाठ मारत म्हणाला.

"कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं," ती म्हणाली, आणि स्टुलावर चढली.

अशात एका सकाळी तिची नणंद दुकानात शिरली. ही नवऱ्याची धाकटी बहीण. जन्मभर शाळेत पोरांना पळवायचं काम केलेली, आता निवृत्त, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी. शिट्टी गळ्यातून उतरली तरी आवाज तोच राहिला होता. तिच्या काखेत कापडाचं पुडकं होतं.

"वहिनी, कोट शिवून हवाय. लांब, छान, अस्तर लावलेला."

"कुठं जायचंय?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

"माझ्या."

मागच्या खोलीतलं मशीन थांबलं. नवरा उठून दारात आला. नवरदेव कोण, तर निवृत्त बस-ड्रायव्हर. रोज सकाळी टेकडीवर चढताना गाठ पडायची. पहिलं वर्ष नुसतं मान हलवणं, दुसरं वर्ष हवापाण्याच्या गप्पा, आणि परवा टेकडीच्या माथ्यावर त्यानं विचारलं. विचारायच्या आधी त्याला पाच मिनिटं दम खावा लागला, असं नणंदेनं अभिमानानं सांगितलं.

"एकोणसाठाव्या वर्षी," टेपबाई म्हणाली. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याला तर पट्टा आहे."

"पट्ट्यासकट चढतो तो," नणंद म्हणाली.

भावानं हातातल्या अस्तराच्या तुकड्यानं डोळे पुसले. टेपबाईलाही भरून आलं होतं, पण तिनं ते पुडकं सोडण्यात घालवलं. आत गडद निळं लोकरीचं कापड होतं. ड्रायव्हरनं फार वर्षांपूर्वी एका गिरणीतून घेतलेलं आणि कशासाठी तरी राखून ठेवलेलं. गिरणी बंद पडली होती, तसलं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. टेपबाईनं ते हातावर घेऊन त्याचं वजन पाहिलं, उजेडात धरलं आणि ती एवढंच म्हणाली, "माणूस बरा दिसतोय."

मग माप सुरू झालं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि नणंदेनं डोळे बारीक केले.

"वहिनी, तू आखूड झालीस."

आता हे साधं वाक्य नव्हतं. टेपबाई या घरात आली त्या दिवसापासून ती नणंदेपेक्षा बोटभर उंच होती, आणि ही गोष्ट तिनं नणंदेला एकदाही विसरू दिली नव्हती. फोटोत ती मागच्या रांगेत, नणंद पुढच्या. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की, "थांबा वन्सं, तुम्हाला नाही जमायचं," असं म्हणायची. रागावली किंवा मिरवायचं असलं की ती नणंदेला वन्सं म्हणायची आणि तुम्ही-आम्ही करायची. एरवी दोघी अरे-तुरेत होत्या.

"वन्सं, बूट काढा," ती म्हणाली.

नणंदेनं बूट काढले. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. नवऱ्याला पंच म्हणून बोलावलं, तर त्याला एकदम काजाची आठवण झाली आणि तो आत पळाला. टेपबाईनं टेबलावरची फुटकी आरशी उभी धरून तिरकं पाहिलं. नणंदेचं डोकं वर होतं.

"केस फुगवलेत तुम्ही."

"टेपनं मोज मग. आहे की गळ्यात."

टेपबाई भिंतीला टेकून ताठ उभी राहिली. नणंदेनं डोक्यावर वही धरली, टाचेपासून टेप लावली, आकडा वाचला. टेपबाईची उंची टेपबाईला पाठ होती, लग्नात झग्याचं माप घेतलं तेव्हापासून. हा आकडा त्याहून चांगला तीन बोटं कमी होता. तिनं पुन्हा वाचायला लावला. तोच आला. क्षणभर तिच्या तोंडावरचं तेज उतरलं, आणि मग ते दुप्पट होऊन परत आलं.

"टेप ताणलीय," ती म्हणाली.

शिंप्यांच्या जगात ही अगदी शक्य असलेली गोष्ट आहे. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढली की लांबते, आकडे एकमेकांपासून दूर जातात, आणि मग मोजलेलं सगळं खऱ्यापेक्षा कमी भरतं. तिला हे ठाऊक होतं म्हणूनच पटलं. माणसाला नेमकं जे ठाऊक असतं त्यातच त्याचा पाय घसरतो.

"अगं, स्टीलची पट्टी लावून बघ एकदा," आतून नवरा म्हणाला.

"माझी उंची मला पाठ आहे. पट्टी कशाला लावायची?"

टेप तिनं टाकली नाही. खोटं बोलणारा माणूस किती खोटं बोलतो हे एकदा कळलं की त्याच्याशी व्यवहार सोपा होतो, असं तिचं म्हणणं. तीन बोटं अख्ख्या उंचीत कमी, तर बाहीत किती, खांद्यात किती, छातीत किती, हे तिनं हिशेबानं काढलं आणि नणंदेच्या प्रत्येक मापात तेवढं, वर खात्रीसाठी आणखी तेवढंच वाढवलं. निळ्या कापडावर खडूच्या रेघा ओढल्या. मग श्वास रोखून कातर चालवली, आणि कातर लोण्यातून गेल्यासारखी गेली.

आठवड्यानं ट्रायलला नणंद आली. कच्च्या टाक्यांनी जोडलेला कोट तिनं अंगात घातला, दोन्ही हात पसरले आणि आरशापुढं उभी राहिली. खांद्यांच्या शिवणी दंडावर ओघळल्या होत्या. बाह्यांतून बोटांची नुसती टोकं दिसत होती.

"वहिनी, यात मी आणि ड्रायव्हर दोघं मावू," ती हसत म्हणाली. "नवऱ्याचा वेगळा कोट वाचला."

टेपबाई हसली नाही. तिनं कोटाच्या खांद्याला हात लावला, बाही चिमटीत धरून पाहिली, पाठीवरचा झोळ पाहिला. मग ती टेबलाशी गेली, मोठी कातर उचलली, फडक्यात गुंडाळली आणि खणात ठेवून खण लावून टाकला.

"अगं, मोठाच झालाय ना," नवरा म्हणाला. "आखूड झाला असता तर रडायचं. हा आत घेता येईल."

"कोट होईल हो नीट. कोटाचं कोण बोलतंय?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझा हात गेला. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही. उद्यापासून आलेलं कापड परत पाठवा."

ती स्टुलावर बसली आणि खरंच घाबरली. उंची गेली, कंबर गेली, दुपार गेली, हे सगळं तिनं कुणाच्या ना कुणाच्या माथी मारून निभावलं होतं. पण डोळा आणि हात गेले तर ती कोण राहणार होती, हे तिला सांगता येईना. नणंदेनं कोट अलगद उतरवून ठेवला. 

नवरा उठला. त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली स्टीलची पट्टी काढली, टेबलावर ठेवली, बायकोच्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि पट्टीला लावली. एक टप्पा, मग दुसरा, मग तिसरा. रेघ रेघेवर बसत होती. केसभरही फरक नव्हता.

"इकडं ये," तो म्हणाला.

ती आली, वाकली, चष्मा सारखा केला, पुन्हा पाहिलं.

"टेप बरोबर आहे," नवरा म्हणाला. "आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. टेप ताणली असती तर सगळंच कमी भरलं असतं. उंची कमी, तशी कंबरही कमी. पण तुझी कंबर तर..."

इथं आपण कुठं येऊन पोचलो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. बायको त्याच्याकडे बघत होती.

"वाढलीय," नणंदेनं वाक्य पुरं केलं. जगात कुणीतरी शूर असावं लागतं.

 मग टेपबाईनं टेप उचलून पुन्हा गळ्यात घातली आणि हळूहळू, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "म्हणजे मी माप बरोबरच घेतलं होतं. जे आलं ते कापलं असतं तर कोट बसला असता. मी स्वतःला धरून टेप तपासली. टेप धरून स्वतःला तपासायला पाहिजे होतं."

"हो," नवरा म्हणाला.

"मग हात नाही गेला."

"हात कुठं जातोय? पण तीन बोटं गेलीत, ती कुठं गेली ते बघू," नणंद म्हणाली. "माणूस उगाच आखूड होत नाही. उद्या सकाळी डॉक्टरकडे. मी न्यायला येते, आणि नाही म्हणालीस तर उचलून नेईन. आता तू हलकीही झाली असशील."

डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिनं उंची मोजली, पाठीच्या मणक्यांवरून बोट फिरवलं, पाळी कधी थांबली विचारलं, अंगातून वाफा यायच्या का विचारलं. टेपबाईनं इस्त्रीची हकिकत सांगितली. डॉक्टरनं ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "काकू, इस्त्री निर्दोष आहे." मग एका सपाट यंत्रावर निजवून हाडांची तपासणी झाली, पाठीचा फोटो झाला, आणि दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन तिघं डॉक्टरपुढं बसली.

"हाडं विरळ झालीत," डॉक्टर म्हणाली. "आणि पाठीचा एक मणका थोडा दबलाय. मागे कधी जोराची चमक भरली होती?"

टेपबाईला अंगणातली खुर्ची आठवली. तिच्याशी आपण अन्यायानं वागलो, असं तिला वाटलं.

"पण हाड म्हणजे दगडच ना?" तिनं विचारलं. "ते आपोआप विरळ कसं होईल?"

"दगड नाही, काकू. हाड जिवंत असतं. शरीर जन्मभर जुनं हाड थोडं थोडं मोडत असतं आणि त्या जागी नवं भरत असतं. तरुणपणी दोन्ही कामं बरोबरीनं चालतात. बायकांच्या अंगात एक हार्मोन असतं, ते मोडणाऱ्याला आवरून धरतं. पाळी थांबली की ते आटतं. मग मोडणं जोरात, भरणं मागे."

टेपबाईनं मान डोलावली. "म्हणजे एकजण उसवतोय आणि एकजण शिवतोय. आणि उसवणाऱ्यावरचा मुकादम नोकरी सोडून गेला."

डॉक्टर हसली. "अगदी तसंच."

"आणि कंबर?" हे नणंदेनं विचारलं.

"तेही त्यातलंच थोडं. वयानं स्नायू कमी होतात, आणि बसल्या जागी सगळ्यांत जास्त खर्च तेच करतात. खर्च कमी झाला, खाणं तेवढंच राहिलं, की उरतं. आणि पूर्वी जी चरबी मांड्यांवर जायची ती हार्मोन आटल्यावर पोटाकडे वळते. दुपारची मरगळही निम्मी त्यातलीच. कापड आटत नाही, काकू."

"म्हणजे पावाचा दुकानदारही सुटला," नवरा हळूच म्हणाला. टेपबाईनं त्याच्याकडे बोट दाखवलं. "ह्यांच्यात पण होतं का हे?" डॉक्टर म्हणाली की पुरुषांतही होतं, फक्त सावकाश. नवऱ्यानं लगेच पाठ ताठ केली.

"गेलेली उंची परत येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "पण पुढची थांबवता येते. आठवड्याला एक गोळी. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ऊन घ्यायचं. दूध, अंडी, डाळी पोटात जायला हव्यात. रोज चालायचं, जिने चढायचे, आणि थोडं थोडं वजन उचलायचं. हाडावर भार पडला की शिवणाऱ्याला कळतं की काम आहे. स्नायू वाढले की तरतरीही येईल. मात्र कमरेतून वाकून तागे उचलायचे नाहीत, आणि स्टुलावर तर अजिबात चढायचं नाही."

टेपबाईच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं. ते शेवटी कानापर्यंत गेलं.

"म्हणजे डॉक्टर, नक्की ना? मीच आखूड झाले. टेप बरोबर, माप बरोबर, हात बरोबर."

"काकू, तुमची हाडं विरळ झालीत, असं सांगतेय मी."

"ते कळलं हो. देवासारख्या भेटलात," टेपबाई म्हणाली, आणि टेबलावरून वाकून डॉक्टरचा हात दोन्ही हातांत घेतला. डॉक्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. असला रिपोर्ट ऐकून इतकं खूश झालेलं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. "शिंपीण आहे ती," नवरा म्हणाला, जणू त्यात सगळं आलं.

घरी आल्याबरोबर खण उघडला गेला. कातर फडक्यातून बाहेर आली. निळा कोट उसवून टेबलावर पसरला, आणि या वेळी टेपनं जे सांगितलं ते तिनं मुकाट्यानं ऐकलं. खांदे वर आले, बाह्या मनगटाशी थांबल्या. वाढवून कापल्यामुळं आतल्या शिवणींत भरपूर माया राहिली, आणि ती तिनं छाटली नाही. "राहू दे," ती नणंदेला म्हणाली, "चारेक वर्षांत तुलाही लागेल. डॉक्टर म्हणाली, कुणीच सुटत नाही."

"मी टेकडी चढते."

"मग मीही चढणार. तुझ्या नवऱ्याला विचार, दम खायला जागा कुठं कुठं आहे."

दुकानातही फेरफार झाले. वरच्या फळीवरची रिळं खाली आली आणि खाली असलेली उशांची बोचकी वर गेली. खुर्ची अंगणातून सन्मानानं परत आली, मांजरीसकट, कारण ती उठायला तयार नव्हती. सर्वांत मोठा मान मिळाला इस्त्रीला. जुनी, जड, कोळशाची इस्त्री माळ्यावर पडून होती ती निघाली, आणि रोज सकाळी चहाच्या आधी टेपबाई ती थंडगार इस्त्री ताठ पाठीनं उचलायची आणि ठेवायची, आधी उजव्या हातानं, मग डाव्या. नवऱ्याला नवी हलकी इस्त्री दिली होती. दोघं समोरासमोर उभं राहून इस्त्र्या वरखाली करताना पहिल्या गिऱ्हाइकानं पाहिलं तेव्हा ते दारातच थबकलं. नवरा म्हणाला, "या, या. आत्ताच तापवतोय."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी एक काम उरलं होतं. टेपबाईला स्वतःला नवा झगा हवा होता. इतकी वर्षं ती आपल्या तरुणपणच्या कागदी कटिंगवरूनच कापत आली होती. शिंप्याला स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही, हात वर केला की खांदा बदलतो, मान वळवली की पाठ. आणि दुसऱ्याला माप घेऊ द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं टेप गळ्यातून काढून नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या. आणि ओढू नका, नुसती टेकवा. बोट आत ठेवा. माझ्याकडे नाही, आकड्याकडे बघा."

इतकी वर्षं तिनं कापलेलं शिवणाऱ्या त्या माणसानं टेप काच पकडावी तशी दोन बोटांत धरली. खांदा, पाठ, बाही झाली. कंबरेशी तो थांबला आणि त्यानं विचारलं, "खरा आकडा सांगू?"

"खोटा सांगितलात तर खोटा झगा होईल."

त्यानं सांगितला. तिनं कागदावर रेघ ओढली. मग लांबी झाली, आणि ती रेघ जुन्या रेघेच्या बरीच वर आली. तिनं दोन्ही रेघांकडे पाहिलं. जुन्या रेघेची ती बाई तिला आवडायची, आणि ती आता येणार नव्हती, याचं तिला वाईट वाटलं. मग तिनं नव्या रेघेवरून कातर चालवली. कातर सरळ गेली.

लग्न नोंदणी कचेरीत झालं. ड्रायव्हरनं सही करताना जीभ बाहेर काढली होती. नणंद निळ्या कोटात उभी होती आणि कोट तिच्या अंगावर असा बसला होता, की कचेरीतल्या कारकुनानंही मान वर करून पाहिलं. बाहेर पायऱ्यांवर फोटोची तयारी झाली. "उंच मंडळी मागे," फोटोवाला म्हणाला, आणि जन्माच्या सवयीनं टेपबाई मागे जाऊन उभी राहिली.

तिथून तिला कॅमेरा दिसेना. पुढं एका पाहुण्याचा खांदा होता. तिनं टाचा उंचावून पाहिल्या, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. मग ती स्वतःशीच हसली आणि वाट काढत पुढच्या रांगेत येऊन नणंदेच्या शेजारी उभी राहिली.

"काय वन्सं," नणंद तिच्या कानाशी वाकून म्हणाली. हा शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा उलटा वापरला होता. "मागचं जमलं नाही का तुम्हाला?"

"नाही जमलं," टेपबाई म्हणाली. "विश्वास नसेल तर मोजून बघ." आणि तिनं नव्या झग्याच्या कॉलरखाली हात घालून टेप बाहेर काढली.

नेमका तेव्हाच फोटो निघाला. तो आता दुकानात कापायच्या टेबलामागे लावलेला आहे. निळ्या कोटातली नवरी तोंड उघडं टाकून हसतेय, तिच्या शेजारी तिच्याहून दोन बोटं बुटकी टेपबाई हसतेय, आणि दोघींच्या मध्ये पिवळी टेप लोंबकळतेय. लग्नाच्या फोटोत टेप कशाला, असं गिऱ्हाइकं विचारतात. "ती घरचीच आहे," टेपबाई सांगते, "आणि खरं बोलते. हात खाली सोडा, माप घेऊ द्या."